आईचं काम

थ्रासिप्पोसने स्वतःच्या हाताने त्याच्या पेल्यात मद्य ओतले, तेव्हाच निकान्द्रोसने ओळखले की हे नुसते कौतुक नव्हे. ओतायला दास शेजारीच उभा होता, आणि थ्रासिप्पोस सख्ख्या बापालाही ओतून देणाऱ्यातला नव्हता.

सकाळची वेळ होती. दियोनिसोसचा उत्सव कालच संपला होता आणि अंगणातल्या खांबांवर विजयाच्या माळा अजून ताज्या होत्या. पहिले बक्षीस थ्रासिप्पोसच्या नाटकाला मिळाले होते. म्हणजे लिहिले होते कवीने आणि बोलले होते नटांनी. पण गाणाऱ्या पंधरा जणांना सहा महिने पोसले, त्यांचे कपडे शिवून घेतले, बासरीवाला ठरवला, ते थ्रासिप्पोसने. म्हणून अथेन्सच्या रिवाजाप्रमाणे नाटक त्याचे.

"नाटकात बायकांची कामं करून किती वर्षं झाली रे तुला?" त्याने विचारले.

"चौदा, शेठ."

"चौदा वर्षं! घरी बायको ओळखते का अजून, की शेजारीण समजून पीठ उसनं मागते?"

निकान्द्रोस हसला. हसण्यासारखे असो वा नसो, शेठच्या विनोदाला हसायचे हे त्याच्या अंगवळणी पडले होते.

"माझी एक दासी पळालीय," थ्रासिप्पोस म्हणाला. "तिबिया. काल संध्याकाळी पाण्याला म्हणून गेली ती थेट जुन्या राजाच्या देवळात, पळालेल्या दासांना आसरा मिळतो तिथं. वेदीला मिठी मारून बसलीय. उद्या सकाळी पुजारी निवाड्याला बसणार आणि ही चार लोकांसमोर तोंड उघडणार, की मला दुसऱ्या मालकाला विका."

"दोन गडी पाठवा. उचलून आणतील."

"देवाच्या वेदीवरून? अरे, परवा अख्ख्या गावाने काय पाहिलं? वेदीला धरून बसलेली आई, आणि तिला गोड बोलून उठवणारा तो दूत. माणसं ढसाढसा रडली. आता माझीच बाई वेदीला धरून बसली, तर बाजारचौकात काय बोलतील? थ्रासिप्पोसचं नाटक अजून संपलेलं नाही म्हणतील! आजच्या आज उठली पाहिजे. आपल्या पायांनी."

"मग खाइरेसला पाठवा. दूत तो होता. मी तर ती आई."

"खाइरेस पाठ केलेलं बोलतो." थ्रासिप्पोस पुढे वाकला. "ते भाषण समोर बसून ऐकलंस तू. आईचा हात वेदीवरून कुठल्या शब्दाला सुटतो, हे खाइरेसला काय ठाऊक? तुला ठाऊक."

हे मात्र खरे होते. चार महिने रोज सकाळी खाइरेस त्याच्यासमोर उभा राहून ते भाषण म्हणे आणि कवी निकान्द्रोसला एकच प्रश्न विचारी: आता सोडावासा वाटला का हात? नाही? मग तो ओळ बदली. असे करत करत ते भाषण झाले होते. प्रेक्षकांना वाटले, दूत किती भला माणूस. तो आधी बंदिवान बाईला राणी म्हणून हाक मारतो. मग आपल्याच राजाला नावे ठेवतो. मग तिला विचारतो, तुझ्या अटी काय? कारण जो अट घालायला बसतो तो निम्मा उठलेला असतो. आणि शेवटी, जाता जाता सांगितल्यासारखे सांगतो, तुझा मुलगा उपाशी आहे. पहिल्या तीन गोष्टींना निकान्द्रोसची बोटे घट्ट राहत. चौथीला ती आपोआप सुटत. पुढच्या प्रवेशात मुलाचे प्रेत आणत, पण तोवर आईने वेदी सोडलेली असे.

"हिवाळ्यात माझ्या गावच्या उत्सवात हेच नाटक पुन्हा करतोय," थ्रासिप्पोस म्हणाला. "दूताचं काम कोणाला द्यायचं ते अजून कोणाला बोललो नाही."

निकान्द्रोसने पेला खाली ठेवला. चौदा वर्षांत त्याने राण्या केल्या होत्या, दाया केल्या होत्या, विधवा तर किती केल्या त्याची गणती नव्हती. रंगमंचावर कोणाला तरी पटवायचे काम त्याच्या वाट्याला एकदाही आले नव्हते. त्याने फक्त पटून घेतले होते.

"ती पळाली कशावरून?"

"पोरगी आहे तिला. मिक्का. सातेक वर्षांची. ती विकायची ठरली, ते हिच्या कानावर गेलं."

"पोरगी घरीच आहे ना?"

थ्रासिप्पोसने पेला तिरपा करून तळाचा गाळ पाहिला.

"घरी आहे असं सांग," तो म्हणाला.

निकान्द्रोसने दुसऱ्यांदा विचारले नाही. 'आहे' आणि 'आहे असं सांग' यांतला फरक ओळखण्यावर तर त्याचे पोट चालत होते.

देवळात त्या वेळी फारसे कोणी नव्हते. एक म्हातारा झाडू मारत होता. बाहेर कांदेवाल्याच्या पालाआड थ्रासिप्पोसचे दोन गडी उन्हात बसून राहिले. बोलावल्याशिवाय दिसायचे नाही, असे निकान्द्रोसने त्यांना बजावले होते.

तिबिया वेदीच्या दगडाला एका हाताने विळखा घालून बसली होती. दुसऱ्या हातात शरण आल्याची खूण म्हणून लोकर गुंडाळलेली ऑलिव्हची डहाळी होती. तिशीची असेल. दासींचे कापतात तसे केस कापलेले, डोळे जागरणाने सुजलेले. निकान्द्रोस तिच्यापासून दोन पायऱ्या खाली बसला. माणसाला खाली बघून बोलावे लागले की त्याची भीती जराशी कमी होते, हे कवीचे शिकवणे.

"बाई," तो म्हणाला, "तुम्हांला पाणी आणू का?"

ती दचकली. तिने दगड आणखी घट्ट धरला.

"मला तुम्ही म्हणू नका," ती म्हणाली. "भीती वाटते."

परवा नाटकात या जागी बायका डोळे पुसायला लागल्या होत्या. निकान्द्रोसने ते मनातल्या मनात खोडले.

"बरं. तिबिया, पाणी हवंय?"

"त्या झाडणाऱ्या बाबांनी दिलं." मग त्याच्याकडे निरखून बघत ती म्हणाली, "तुम्ही नाटकातली ती आई ना?"

"मुखवट्यातून ओळखलंस?"

"आवाज ओळखला. मालकिणीची उशी घेऊन मी वर कडेला उभी होते. तुम्ही हात सोडलात ना, तेव्हा मला इतका राग आला. माझ्या शेजारची रडत होती, मी नाही रडले. म्हटलं, बाई, कशाला सोडलास? तिथंच ठरवलं. आपल्यावर वेळ आली तर आपण सोडायचा नाही."

चौदा वर्षांत निकान्द्रोसच्या कामाचे असे परीक्षण कोणी केले नव्हते. त्याने घसा खाकरला.

"तुझ्या मालकाचं मला सांगू नकोस," तो म्हणाला. "सहा महिने त्याच्या दारात तालमी केल्यात. शिळ्या चण्यांवर आम्हांला नाचवलं, आणि बक्षीस मिळाल्यावर माळ घालून मिरवला तो. कवीला साधा नमस्कार केला नाही."

ती हसली नाही. मालकाविरुद्ध दुसऱ्याने बोललेले ऐकून न ऐकल्यासारखे करायचे, ही तिची जन्माची सवय असावी.

"तुला काय हवंय ते सांग. मी नेतो निरोप."

"उद्या पुजारीबाबांना सांगणार आहे मी. मला आणि मिक्काला एकाच घरी विका. कुठंही. दगड फोडायला घाला, पण एकाच घरी."

"आणि मालक आजच कबूल झाला तर?"

"तर त्यांनी इथं यावं. या दगडावर हात ठेवून बोलावं."

ती हे सहज म्हणाली, आणि निकान्द्रोसच्या हातातली तिसरी गोष्टही गेली. नाटकातल्या राणीला हे सुचले नव्हते. सुचले असते तर कवीला नाटक तिथेच आटपावे लागले असते.

ऊन पायरीपर्यंत आले. म्हातारा केर भरून निघून गेला. निकान्द्रोसने थोडा वेळ जाऊ दिला, मग उठल्यासारखे केले, अंगरखा झटकला, आणि अर्धवट वळून म्हणाला,

"मिक्का कालपासून जेवली नाही, एवढं कानावर घालून जातो."

तिची बोटे हलली. त्याने पाहिले. दगडावर पांढरी पडलेली बोटांची टोके क्षणभर पुन्हा लाल झाली. एखाद्या वाद्याची तार कुठे दाबली की बोलते ते ठाऊक असावे, तसे त्याला झाले. तो पुन्हा बसला.

"तुम्ही पाहिलंत तिला?"

"पाहिलं की. आत्ता सकाळी."

"घरात?"

"दाराशी."

"काय करत होती?"

इथे तपशील हवा होता. मोठे खोटे पडते आणि लहानसे खरे उभे राहते, हे त्याला माहीत होते. त्याला त्याची स्वतःची धाकटी आठवली. तीही सात वर्षांची. आई पाण्याला गेली की ती उंबऱ्यात बसे आणि कोणी काही म्हटले तरी आत येत नसे. तिचे वाक्य त्याने उचलले.

"उंबऱ्यात बसली होती," तो म्हणाला. "मी म्हटलं, पोरी, आत का जात नाहीस? तर म्हणाली..."

"म्हणाली?" तिबियाने विचारले.

"म्हणाली, 'आई आली नाही ना अजून, मी दार नाही लावणार.'"

त्याने ते पोरीच्याच आवाजात म्हटले. चौदा वर्षे बायकांचे आवाज काढलेल्या माणसाला ते अवघड नव्हते. बारीक, किंचित हट्टी, शेवटचा शब्द जरा ओढलेला. वाक्य सुरेख उतरले. त्याचे त्यालाच जाणवले.

तिबिया त्याच्याकडे बघत राहिली. एवढा वेळ बघत राहिली, की त्याला नजर वळवावीशी वाटली. पण अशा वेळी नजर वळवायची नसते.

"असा आवाज होता?" तिने हळूच विचारले.

"अगदी अस्सा."

"पुन्हा एकदा म्हणता?"

त्याने म्हटले. या खेपेला 'आई'च्या आधी इवलासा श्वास घेतला, लहान मुले घेतात तसा. तिने डोळे मिटून घेतले होते. ओठ किंचित हलत होते, जणू ती ते वाक्य बरोबरीने म्हणून बघत होती.

मग तिने वेदीवरचा हात काढला. डहाळी दगडावर ठेवली, तिची सुटलेली लोकर नीट गुंडाळली. गुडघ्यांची धूळ झटकली.

"चला," ती म्हणाली.

मालकाला बोलवा म्हणाली नाही. शपथ मागितली नाही. निकान्द्रोसने आणखी कितीतरी जुळवून ठेवले होते, ते सगळे तसेच राहिले.

रस्त्यात गडी येऊन दोन्ही बाजूंनी चालू लागले. "कोणी हात लावायचा नाही," निकान्द्रोस त्यांना म्हणाला, आणि कोणी लावलाही नाही. तशी गरजच पडली नाही. ती इतकी भराभर चालत होती की गड्यांनाच पावले उचलावी लागत होती. निकान्द्रोस मागून येत ते वाक्य घोळवत होता. श्वास आधी घ्यावा की 'आई'नंतर? हिवाळ्यात दूताच्या भाषणात असे काही घालता येईल का, कवी घालू देईल का, या विचारात तो असतानाच थ्रासिप्पोसचे घर आले. उंबऱ्यात कोणी नव्हते. तिबियाने तिकडे पाहिलेही नाही. ती सरळ आत गेली.

संध्याकाळी थ्रासिप्पोसने जेवायला बोलावले. अजून कौलांवर ऊन होते. दोन पाहुणे होते, जमीनजुमलेवाले, आणि खाइरेस होता. खाइरेसचे अवघ्या अथेन्समध्ये नाव. तो मंचकावर असा रेलला होता की जणू पाहुणा थ्रासिप्पोसच आहे. खारवलेला मासा आला, जवाची भाकरी आली, कांदा आला. अंगणापलीकडच्या खोलीतून जात्याची घरघर येत होती.

"एवढ्या सांजेला दळण?" एका पाहुण्याने विचारले.

"आहे एक. तिला आता तेच काम," थ्रासिप्पोस म्हणाला. "बरं, ऐका! आमच्या निकान्द्रोसने आज काय केलं ते त्याच्याच तोंडून ऐका. खाइरेस, तू कान देऊन ऐक, हिवाळ्यात तुझं काम हा करणार आहे."

खाइरेसने ऑलिव्हची बी तोंडातून काढून ताटलीच्या कडेला ठेवली. "करू दे की," तो म्हणाला. "बघू."

निकान्द्रोसने सांगितले. आधी जरा बिचकत, मग रंगत. 'तुम्ही म्हणू नका' हे सांगितले तेव्हा पाहुणे हसले. तिने मालकाची शपथ मागितली तेव्हा थ्रासिप्पोसने मांडीवर थाप मारली. भुकेची गोष्ट आली, तेव्हा खाइरेस पहिल्यांदाच कोपरावर उठून बसला. मग उंबरा आला. निकान्द्रोस थांबला, इवलासा श्वास घेतला आणि म्हणाला,

"'आई आली नाही ना अजून, मी दार नाही लावणार.'"

मग थ्रासिप्पोसला हसू फुटले. असे फुटले की तोंडातले मद्य त्याच्या दाढीवर आले. पाहुणे आधी त्याच्याकडे बघून हसले, मग कारण विचारू लागले. त्याला बोलताच येईना.

"अरे," तो डोळे पुसत म्हणाला, "अरे निकान्द्रोस, ती पोरगी मुकी आहे! जन्मापासून! एक अक्षर कधी फुटलं नाही तिच्या तोंडातून! पहाटे जहाजावर चढवली, तेव्हा तो खिओसचा व्यापारी केवढा कुरकुरला, की मुकी माझ्या गळ्यात मारता म्हणून. आणि तू तिला बोलायला लावलीस!"

आता सगळेच हसले. एका पाहुण्याला ठसका लागला. निकान्द्रोसच्या चेहऱ्यावर गोष्ट सांगतानाचे हसू होते तसेच राहिले. ते कुठे ठेवावे हे त्याला कळत नव्हते.

फक्त खाइरेस हसला नाही. तो कपाळाला आठी घालून निकान्द्रोसकडे बघत होता, तालमीत एखादी ओळ अडली की बघायचा तसा.

"थांबा," तो म्हणाला. "मुकी पोर. म्हणजे हा बोलला आणि तिला तिथल्या तिथं कळलं, की यानं पोरगी पाहिलेली नाही. घरी कोणी नाही. मग ती उठली कशाला?"

"बाईमाणूस. अक्कल ती किती?" पाहुणा म्हणाला.

"उठली ना? मग झालं," थ्रासिप्पोस म्हणाला.

"तसं नाही." खाइरेस निकान्द्रोसवरून नजर काढीना. "हिवाळ्यात हेच बोलायचंय तुला. कुठल्या शब्दाला उठली?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. निकान्द्रोसने भाकरीचा तुकडा उचलला, परत ठेवला. त्याला तिचे मिटलेले डोळे दिसत होते, आणि हलणारे ओठ.

"तिनं पुन्हा म्हणायला सांगितलं," तो म्हणाला. "दोनदा ऐकलं. मग उठली."

"दोनदा!" थ्रासिप्पोस पुन्हा हसत सुटला. "मग आम्ही काय पाप केलंय? आम्हांलाही दुसऱ्यांदा ऐकव. ऊठ, उभा राहून म्हण. आणि मोठ्यानं रे, दूताला आवाज लागतो!"

"पुन्हा! पुन्हा!" पाहुण्यांनी पेले आपटले.

निकान्द्रोस खाइरेसकडे बघत होता. खाइरेसने खांदे उडवले आणि तो मंचकावर परत रेलला. दूताची जागा आता रिकामी झाली होती. कोणी घेतली नाही तर तो पुन्हा घेणार होता.

निकान्द्रोस उठला. अंगरखा सारखा केला, दोन पावले अंगणाकडे टाकली, कारण आवाज तिथून चांगला जातो, आणि म्हणाला. उघड्या अंगणात तो बारीक, हट्टी आवाज स्वच्छ घुमला.

जात्याची घरघर थांबली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, पेले पुन्हा भरले गेले. जाते थांबले, हे त्याच्याखेरीज कोणाच्या ध्यानात आले नाही. आतून कोणीतरी बाई कोणावर तरी खेकसली, तरी ते थांबलेलेच राहिले.

ते पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ लागला. तोवर निकान्द्रोसने ते वाक्य आणखी दोनदा म्हणून दाखवले होते. शेवटच्या खेपेला त्याला कोणी सांगितलेही नव्हते.